दोन बिघाड आणि एकच संशयित

मागची दोन व्याख्यानं मध्येच तुटली. जे वाट बघत बसले त्यांची आधी क्षमा मागतो. आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही त्या तुटण्याबद्दलच बोलणार आहोत. जन्मभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला आणि घरच्या संगणकापुढे बसल्यावर तोच विसरलो!

व्हायचं असं की कधी नुसतं नेट जायचं, तर कधी पडदा निळा होऊन संगणक आपला आपण बंद-चालू व्हायचा. त्या निळ्या पडद्यावर एकदा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं. झालं, आम्हाला चोर सापडला. एका कारणानं भागत असेल तर दोन मानू नयेत, ह्याला न्यायशास्त्रात लाघव म्हणतात. तंत्रज्ञ आला. त्यानं एका बैठकीत ड्रायव्हर, राउटर आणि विंडोजचे अपडेट असं सगळं बदललं, शिवाय आतली धूळ काढली. चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी पुन्हा निळा पडदा.

पैसे गेले ते गेलेच, पण इतक्या गोष्टी एकदम बदलल्यामुळे आम्हाला कळलं काहीच नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ सालच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची रीत सांगितली आहे: बाकी सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याच्या जवळचंच हे.

मग आम्ही दोन्ही तक्रारी वेगळ्या केल्या.

नेटचं सोपं निघालं. पिंग ही आज्ञा देऊन पायरीपायरीनं विचारत जायचं. १२७.०.०.१ म्हणजे संगणक स्वतःलाच हाक मारतो. केबल काढून ठेवली तरी उत्तर येतं, तेव्हा त्यावरून कार्ड ठीक आहे असं समजू नका. पुढची हाक राउटरला आणि त्यापुढची बाहेर ८.८.८.८ ला. बाहेरून उत्तर येतं पण नावानं साइट उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसमध्ये. आमची गाडी राउटरपर्यंतच पोचत नव्हती. केबल जरा हलवली की पोर्टवरचा दिवा विझायचा. टोकाची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली! केबल बदलली आणि नेट जायचं थांबलं.

निळा पडदा मात्र येतच राहिला. म्हणजे लाघवानं आम्हाला फसवलं होतं, बिघाड दोन होते. आता ड्रायव्हरच्या नावाचं काय? बघा, रॅम खराब असेल तर तिथे ठेवलेला कुठलाही मजकूर बिघडू शकतो. ज्या प्रोग्रॅमच्या वाट्याला तो येईल तो कोसळतो आणि नाव त्याचं लागतं.

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. सकाळी पडद्यावर चुकांची रांग. रॅमच्या पट्ट्या दोन होत्या. संगणक बंद करून, वायर काढून, एकेक पट्टी त्याच खाचेत बसवून पुन्हा तपासली. पहिली निर्दोष, दुसरीत चुका. खाच खराब असेल अशी शंका होती, म्हणून पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, तिथेही ती निर्दोषच. मग दुसरी पट्टी काढून टाकली.

खरी धास्ती पुढेच होती. खराब रॅममधून जे डिस्कवर लिहिलं जातं ते गुपचूप बिघडलेलं असू शकतं, आणि त्याची सूचना कोणी देत नाही. ह्या मालेची सगळी टिपणं त्याच संगणकावर. एकेक फाइल उघडून पाहिली. दोन उघडेनात. दिवाळीत पेनड्राइव्हवर केलेल्या प्रतीत एक मिळाली. दुसरी दिवाळीनंतरची, ती गेली. तेव्हा निळा पडदा वारंवार यायला लागला की दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा, आणि जुन्या प्रतीवर ती चढवू नका, वेगळी ठेवा.

गेलेलं टिपण पुढच्या रविवारच्या व्याख्यानाचं होतं. ते आम्ही आता हातानं, वहीत लिहितो आहोत.