पोळ्या विकत, वरण घरचं

आमच्या पोळी-भाजी केंद्रात गवार ठेवली की साडेसातच्या आत संपते. मेथीचं तेच, वालपापडीचं तेच. सोललेल्या कडव्या वालांचं बिरडं तर फोन करून राखून ठेवायला सांगतात. बटाट्याची भाजी मात्र अधूनमधून उरते आणि कामाच्या बायकांच्या डब्यातून त्यांच्या घरी जाते.

डोंबिवलीत हा धंदा करायला लागून मला वीसएक वर्षं झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लोकांना जे करायला अवघड तेच ते विकत नेत असतील. पण गवारीत अवघड काय आहे? फोडणी, दाण्याचं कूट, गुळाचा खडा आणि वर झाकण. बटाट्याइतकीच सोपी. फरक आहे तो भाजी गॅसवर चढण्याआधीचा. बटाटे चार चिरले की झालं. गवारीच्या शेंगेशेंगेच्या शिरा काढायच्या, मोडायच्या, त्याला एका जागी बसावं लागतं. बिरड्याचं तर विचारूच नका. वाल रात्री भिजवा, सकाळी उपसा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. शिजायला पंधरा-वीस मिनिटं, त्याआधी दीड दिवस. गिऱ्हाईक आमच्याकडून भाजी नेतं असं दिसतं, पण खरं तर ते निवडणं-सोलणं विकत नेत असतं. स्टेशनबाहेर चिरलेलं सुरण, सोललेले मटार, मोडाचे वाल पिशवीत बांधून विकणाऱ्या बायकांना हे केव्हाच कळलेलं आहे. पूर्वी हे काम घरात सगळ्यांत विभागलेलं असे. आजी शेंगा मोडत बसे, पोरं मटार सोलता सोलता निम्मे खात. घरात माणसं तीन झाली आणि तिघंही दिवसभर बाहेर, तेव्हा पहिल्यांदा बंद पडलं ते हे काम. त्यात कौशल्य काहीच नाही, लागतात ते रिकामे हात.

काउंटरवर उभं राहिलं की एक वाक्य रोज कानावर पडतं. हल्लीच्या मुलींना स्वयंपाक येत नाही. म्हणणारे बहुतेक वेळा आजोबा असतात आणि त्यांच्या हातात आमचीच पिशवी असते. मी विचारते, ‘काका, तुम्हाला काय काय येतं?’ चहा, असं उत्तर येतं. क्वचित एखादा मऊ भात म्हणतो.

सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि असं काम करणारे पुरुष 97, असं त्यात आढळलं. स्वयंपाकाचं वेगळं काढलं, तर शंभरातल्या सुमारे 75 बायका दिवसभरात काहीतरी रांधतात, आणि पुरुष सहा. 2024 साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं 289 वर आली. दहा मिनिटं सुटली म्हणून पेढे वाटावेत, तर पुरुषांचीही नऊ कमी होऊन 88 झालेली. मग ते काम गेलं कुठे? थोडंसं तरी माझ्या काउंटरवर आलं असणार.

पुरुषांना स्वयंपाक जमत नाही असं कुणी म्हटलं की मला लग्नातले आचारी आठवतात. पाचशे पानांचा मसालेभात अंदाजाने करणारे, जिलबीचा पाक बोटावर तपासणारे, सगळे पुरुष. पैसे मिळाले की येतं, रोजचं फुकट म्हटलं की येत नाही. आमच्याकडे पोळ्या लाटणारी एक बाई म्हणते, ‘ताई, इथे शे-दोनशे लाटताना काही वाटत नाही, घरी गेल्यावर दहा लाटायच्या म्हटलं की जीव जातो.’ ती दमलेली असते हे खरं, पण तेवढंच नाही. इथल्या प्रत्येक पोळीचा हिशेब होतो.

शिजवलेलं विकत घेणं हे आजचं खूळ आहे, असंही समजायचं कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार खानावळीतच जेवत. दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई दहा-बारा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक रांधायची आणि पगाराच्या दिवशी पैसे मिळेपर्यंत वाण्याची उधारी सांभाळायची. या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरचं जेवण घरच्याच बाईने केलं पाहिजे, हा नियम मुंबईला कधीच पुरता लागू नव्हता. ज्यांची घरं गावाला होती त्यांना खानावळ, ज्यांची घरं उपनगरात होती त्यांना डबेवाला.

आता पोळी. सगळ्यात आधी घराबाहेर गेली ती पोळी, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. एकट्या माणसाने तीन पोळ्या करायच्या म्हटल्या तरी परात निघते, पोळपाट-लाटणं निघतं, तवा तापवावा लागतो, कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवावी लागते, ओट्यावर पिठी सांडते आणि शेवटी ते सगळं घासावं लागतं. दहा पोळ्यांना जेवढा पसारा तेवढाच तीन पोळ्यांना. आम्ही एका भट्टीच्या तव्यावर शेकड्याने काढतो, तेव्हा तो पसारा शेकड्यात वाटला जातो. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, पोळ्या खुशाल विकत घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. वरण-भात मात्र घरी लावा. त्याला उभं राहावं लागत नाही, भांडी कमी लागतात आणि कुकर लावून आंघोळीला जाता येतं. पोळीवाल्या बाईने गिऱ्हाईक घटवण्याचा सल्ला द्यावा, याला माझा मुलगा हसतो.

त्याच मुलाच्या हट्टाने मी पावसाळ्यात शिकवणी सुरू केली. परदेशी शिकायला जाणारी पोरं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. त्याआधी आया त्यांना माझ्याकडे पाठवतात, सोबत पदार्थांची यादी देऊन. पनीर बटर मसाला, पावभाजी, बिर्याणी. यादी मी ठेवून घेते आणि पहिल्या रविवारी फोडणी शिकवते. फक्त फोडणी, पुन्हा पुन्हा.

लोखंडी पळीत तेल घ्यायचं. तापलं का, हे मोहरीचा एक दाणा टाकून बघायचं. तो तळाशी गप्प बसला तर थांबायचं. लगेच तडतडला तर बाकीची मोहरी टाकायची. मोहरी तडतडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साल फुटतं म्हणून. न तडतडलेली मोहरी कडू लागते, नि पोरं घाई करतात ती इथेच. तडतडणं ओसरू लागलं की जिरं, मग हिंग, मग गॅस बारीक करून हळद. हळद शेवटी, कारण ती क्षणात करपते. तिखट घालायचं तर गॅस बंद करूनच. वास तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही, म्हणून तीच हळद नि तोच हिंग उकळत्या वरणात वरून टाकला तर घर दरवळत नाही. एकदा हा क्रम हाताला बसला की निम्मा मराठी स्वयंपाक आलाच. उसळ, आमटी, कोशिंबीर, फोडणीचा भात, सगळ्यांची सुरुवात किंवा शेवट हाच.

दुसऱ्या रविवारी डाळ. ‘काकू, किती शिट्ट्या?’ हा प्रश्न ठरलेला. मी शिट्ट्या मोजू देत नाही. कुकरच्या आत पाणी शंभरऐवजी साधारण एकशेवीस अंशांपर्यंत तापतं, डाळ शिजते ती त्याने. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज. आच मोठी तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक तर होतही नाहीत. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. तुरीला दहा-बारा मिनिटं पुरतात.

एवढं करूनही डाळ शिजत नाही, अशी तक्रार येते. मग मी दोन गोष्टी विचारते. पाणी कुठलं? बोअरचं जड पाणी असलं तर त्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचा दाणा घट्टच राहतो. टँकरच्या दिवसांत आमच्याकडेही उसळी हट्टाला पेटतात. दुसरं म्हणजे चिंच, टोमॅटो, आमसूल डाळीसोबतच टाकलंस का? आंबटाने दाणा मऊ पडत नाही. म्हणून आधी शिजवायचं, आंबट मागून. आजीला कॅल्शियम माहीत नव्हतं, पण चिंचेचा कोळ तिने कधी कच्च्या डाळीत घातला नाही.

हे सगळं आजकाल मोबाइलवर दिसतं, मग शिकवणी कशाला, असं एकाने मला विचारलं होतं. दिसतं, खरं आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक 1970 साली आलं तेव्हाही असंच झालं असणार. नोकरीपायी नवऱ्यासोबत परगावी बिऱ्हाड केलेल्या मुलीच्या ओट्याशी ना आई होती ना सासू. कमलाबाई स्वतः सासूच्या हाताखाली शिकलेल्या, पण पुस्तकात त्यांनी प्रमाण दिलं वाटी-चमच्याचं. वाटी प्रत्येक घरात असते. पुष्कळ संसार त्या पुस्तकाने सावरले, माझाही त्यातलाच. पण पुस्तक असो की व्हिडिओ, ते सुरू होतं ‘दोन वाट्या अमुक घ्या’ इथून. आणि घरातला प्रश्न असतो की आज आहे काय, आणि उद्या सकाळी डबा किती जणांचा.

‘आज काय करायचं?’ हा प्रश्न ज्या घरात एकाच माणसाच्या डोक्यात रोज दोनदा येतो, तिथे स्वयंपाक सुटतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका हात दुखले म्हणून येत नाहीत. कोथिंबीर आज संपवली नाही तर उद्या सडेल, दही आंबट झालंय त्याची कढी करावी, सासऱ्यांना तिखट नको, मुलाला भोपळा नको, चतुर्थीला कांदा-लसूण नको, गॅस कधी बदलला होता, हे सगळं डोक्यात घेऊन सहा चाळीसच्या लोकलमधून उतरायचं. समोर आमचा फळा दिसतो. त्यावर तीन भाज्या लिहिलेल्या असतात. तिन्हींतून एक निवडली की सुटलो. नवरे मदत करतात त्या घरांतही मदत ‘काय चिरून देऊ?’ इथपर्यंतच असते. चिरायचं काय, ते ठरवायला पुन्हा तीच.

ज्या घरांत अजून रोज स्वयंपाक होतो, तिथे मी पाहिलंय, फार निवड नसते. सोमवारी मूग, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी बाजार, असं लागलेलं असतं. मुलं कंटाळतात, पण ठरवण्याचा त्रास नसतो. रोज नवीन काहीतरी हवं, हा हट्ट फार जुना नाही, आणि मला तो स्वयंपाकाचा शत्रूच वाटतो.

एक वर्ग मात्र असा आहे की त्याला इच्छा असून करता येत नाही. पीजीत राहणारी मुलं-मुली. खोलीत शेगडी चालणार नाही, फ्रिजमधला एकच कप्पा, मालकीणबाई स्वयंपाकघराला कुलूप लावणाऱ्या. त्यांना ‘घरी करून खा, तब्येत सांभाळा’ म्हणणं निव्वळ क्रूरपणा आहे. ती मोबाइलवरून मागवणार, नाहीतर माझ्याकडे येणार. माझ्याकडे आली तर मी आमटी थोडी जास्त घालते.

शिकवणीच्या शेवटच्या रविवारी मी काही शिकवत नाही. आदल्या रात्रीचं उरलेलं ओट्यावर मांडते. वाटीभर भात, दोन पोळ्या, तळाला राहिलेली उसळ, अर्धा कांदा, दही. करा म्हणते, दुकानात जायचं नाही. पहिली दहा मिनिटं पोरं एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी पोळ्यांचा चुरा करतो, कुणी भाताला फोडणी देतं, उसळीवर कांदा-शेव टाकून मिसळ झाली असं कुणी जाहीर करतं. आयांच्या यादीतली बिर्याणी राहून जाते. एकदोघींनी त्यावरून पैसे परत मागितले होते, ते मी दिले.

गेल्या हिवाळ्यात या पोरांतल्याच एकाचा जर्मनीहून मेसेज आला. ‘काकू, तूरडाळ संपली, मिळते ते दुकान लांब आहे. इथे सुपरमार्केटात लाल मसूर आहे. वरण होईल का?’ मी लिहिलं, होईल, आणि त्याला कुकरही लागत नाही. पातेल्यात वीस मिनिटांत शिजते, फेस येईल तो काढून टाक, लिंबू पिळायचं ते खाली उतरवल्यावर. लगेच पुढचा प्रश्न आला. ‘उरलं तर उद्या कणकेत मळू?’

मळ म्हटलं, फक्त पाणी वेगळं घालू नकोस.