विश्लेषण : सर्व्हरच्या यादीत विंडोज ११चा संगणक ‘विंडोज १०’ का दिसतो?

विंडोज १०च्या सर्वसाधारण आवृत्त्यांसाठीचे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. पुढेही संरक्षण हवे असेल तर कंपन्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर मोजावे लागतात आणि ही रक्कम दरवर्षी दुप्पट होते. त्यामुळे आपल्याकडे विंडोज १०चे संगणक नेमके किती, हा प्रश्न थेट पैशांचा झाला आहे. उत्तरासाठी आयटी विभाग सहसा अपडेट सर्व्हरची यादी उघडतो. पण अनेक ठिकाणी तीच यादी विंडोज ११चे संगणक ‘विंडोज १०’ म्हणून दाखवते.

अपडेट सर्व्हर म्हणजे काय?

कार्यालयात ५०० संगणक असतील तर प्रत्येकाने इंटरनेटवरून तेच अपडेट वेगवेगळे उतरवून घेण्यात अर्थ नाही. म्हणून एक सर्व्हर ते एकदाच आणतो, सिस्टीम अ‍ॅडमिन मंजुरी देतो आणि मग बाकीचे संगणक तिथून घेतात. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस’, म्हणजेच डब्ल्यूएसयूएस, ही त्यासाठीची जुनी व्यवस्था. प्रत्येक संगणक ठरावीक वेळाने या सर्व्हरकडे हजेरी लावतो आणि आपली माहिती कळवतो. त्यावरून सर्व्हर यादी बनवतो.

मग नाव का चुकते?

कारण दुकानातले नाव आणि आतला क्रमांक यांचा मेळ कधीच नीट नव्हता. व्हिस्टाचा आतला क्रमांक ६.०. विंडोज ७चा मात्र ७ नव्हे, तर ६.१! विंडोज ८ म्हणजे ६.२ आणि ८.१ म्हणजे ६.३. मोठा क्रमांक बदलला की तो तपासणारी जुनी सॉफ्टवेअर अडून बसतात, म्हणून कंपनीने तो बदलणे टाळले. विंडोज १०च्या चाचणी आवृत्तीचा क्रमांकही आधी ६.४ होता. नंतर तो एकदम १०.० करण्यात आला.

२०१५ मध्ये विंडोज १० आली, तेव्हा त्याआधी तयार झालेल्या सर्व्हरना या नव्या पाहुण्याचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या यादीत नवेकोरे संगणक चक्क ‘विंडोज व्हिस्टा’ म्हणून झळकू लागले. मायक्रोसॉफ्टने पुढे दुरुस्ती दिली, पण तोवर काही अ‍ॅडमिननी थेट डेटाबेसमध्ये हात घालून नावे बदलली. हा उपाय धोक्याचाच. नाव सुधारते, पण डेटाबेस बिघडला तर कंपनी जबाबदारी घेत नाही.

२०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि गोंधळाचा दुसरा अंक सुरू झाला. तिचा आतला क्रमांक १०.० असाच ठेवला गेला. फरक कळतो तो फक्त पुढच्या बिल्ड क्रमांकावरून. तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर संगणक विंडोज ११चा. विंडोज १०ची शेवटची आवृत्ती १९०४५ वर थांबली आहे.

बिचाऱ्या सर्व्हरलाच दोष कशाला द्यायचा? विंडोज ११च्या रजिस्ट्रीत उत्पादनाचे नाव म्हणून आजही ‘विंडोज १०’ असेच लिहिलेले सापडते. ते वाचून अहवाल बनवणाऱ्या स्क्रिप्टही फसतात. ब्राउझर वेबसाइटला जी ओळख सांगतो, तीतही दोन्ही आवृत्त्या सारख्याच असतात.

याने अपडेट चुकीचे जातात का?

नाही. कोणते अपडेट आपल्याला लागू आहे, हे यादीतल्या नावावरून ठरत नाही. प्रत्येक अपडेटसोबत नियम येतात आणि संगणकावरचा अपडेट एजंट ते स्वतः तपासतो. ‘व्हिस्टा’ असा शिक्का बसलेल्या संगणकाला व्हिस्टाचे अपडेट मिळत नव्हते.

मात्र ‘फक्त दिसण्यातली चूक’ म्हणून हात झटकणे मला पटत नाही. नुकसान माणसांच्या निर्णयात होते. नावावर विसंबून विंडोज १०चे १०० संगणक मोजले आणि त्यातले ४० प्रत्यक्षात विंडोज ११चे निघाले, तर २,४४० डॉलर विनाकारण गेले. नावावरून गट पाडून गटाला मंजुरी दिली असेल, तर चुकीच्या गटात पडलेला संगणक हव्या त्या अपडेटची वाटच पाहत राहतो. वर ऑडिटमध्ये खुलासा द्यावा लागतो तो वेगळाच.

यादीतून संगणकच गायब झाले तर?

हा वेगळा आजार. एका संगणकाची प्रत काढून इतरांवर टाकताना डब्ल्यूएसयूएसची ओळख पुसली नाही, तर सगळे एकाच ओळखीने हजेरी लावतात. यादीत आज एक दिसतो, उद्या त्याच जागी दुसरा. इथे मोजणीच कोसळते. उपाय म्हणजे त्या संगणकांवरची जुनी ओळख काढून नवी तयार करू देणे.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

नावाच्या रकान्यावर नाही, आवृत्तीच्या रकान्यावर. मोजणी करताना १०.० नंतरचा बिल्ड क्रमांकच घ्यावा. नाव आपोआप सुधारेल अशी आशा फारशी नाही. डब्ल्यूएसयूएसमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर केले आहे. अपडेट पुरवण्याचे काम मात्र सुरू आहे. घरच्या संगणकावर खात्री करायची असेल, तर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘विनव्हर’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. उघडणाऱ्या खिडकीत बिल्ड क्रमांक दिसेल.