‘फॉरवर्ड करायला काय जातं?’

‘मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात छत्रीसारखा उगवतो. खोटा आहे म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘असू दे ना. खरा निघाला तर एखादं मूल वाचेल. खोटा असला तर कुणाचं काय बिघडतंय?’

कुणाचं, ते ऐका. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘पोरं पळवणारे’ ठरवून जमावाने ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे होते. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबावर जमाव चालून गेला. पोलीस मध्ये पडले म्हणून ती माणसं वाचली.

त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरचे दोघे एकाला उचलून पळतात. ही कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेची जनजागृतीची फिल्म. मूळ फितीत दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि पालकांसाठीचा संदेश लिहिलेला फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला! बीबीसीने हे तेव्हाच उघड केलं, पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो? व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, ती काय हौस म्हणून?

‘अडाणी लोकच फसतात’ हा दुसरा लाडका समज. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या 2019 च्या अभ्यासात उलटंच दिसलं : मोबाइल सराईतपणे वापरणारे मध्यमवर्गीयही यात पुढे असतात, आणि अज्ञानापेक्षा पूर्वग्रह जास्त काम करतो. भटक्यांवर संशय घ्यायला आपल्याला व्हॉट्सॲप लागतच नव्हतं म्हणा.

‘ॲडमिनच जेलमध्ये जातो’ : नाही. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं.

‘मी लिहिलं नाही, नुसतं पुढे ढकललं’ : मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हा बचाव फेटाळला.

मूल पळवल्याचा खरंच संशय आला तर 112 ला फोन लावा. ग्रुपवर टाकू नका.