ऊरूचा बाह्य भाग आणि व्यायामशाळेतील तरुण रुग्ण

गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या तरुण रुग्णांमध्ये एक नवा वर्ग दिसू लागला आहे. गुडघा दुखतो, मांडी आखडली आहे, जिना उतरता येत नाही, अशी त्याची तक्रार असते. वय वीस-बावीस, प्रकृती धडधाकट. चौकशी करता कळते की, महाशय शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करीत असून 'बाहेरची मांडी' काढण्याच्या मागे लागले आहेत. हा शब्दप्रयोग बहुतेक वैद्यबंधूंना अपरिचित असतो. मग आम्ही एखादे तैल देतो, विश्रांती सांगतो आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी पुन्हा लोखंडाखाली उभा राहतो. तो नेमके काय करतो, हे वैद्यास ठाऊक असल्याखेरीज त्याचा सल्ला मानला जाणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्पर्धेच्या मंचावर खेळाडू समोरून उभा राहतो, तेव्हा रुंद खांदे, बारीक कंबर आणि त्याखाली बाहेरच्या बाजूस कमानीसारखी फुगलेली मांडी, अशी आकृती परीक्षकांना अपेक्षित असते. ही कमान मुख्यतः एकाच पेशीमुळे येते. तिचे आधुनिक नाव व्हास्टस लॅटरॅलिस. ऊर्वस्थीच्या वरच्या टोकाशी, बाहेरील उंचवट्यापासून निघून, अस्थीच्या मागील कडेने खाली येत ती जानुकपालिकेच्या वरच्या व बाह्य बाजूस कंडरारूपाने मिळते. मांडीच्या पुढील चार पेशींच्या समूहात ही आकाराने सर्वांत मोठी. तान्ह्या बालकांना लसीचे इंजेक्शन मांडीच्या ज्या बाह्य-मध्य भागी देतात, ती हीच पेशी, असे सांगितले म्हणजे औषधालय चालविणाऱ्या वाचकांच्याही ती चटकन ध्यानात येईल.

तिचे कार्य एकच : गुडघा सरळ करणे. मांडी बाहेर फाकविणे हे तिचे काम नव्हे. ते काम नितंबाच्या बाह्य भागातील पेशी करतात. तथापि बसून दोन्ही मांड्या बाहेर ढकलण्याचे जे यंत्र व्यायामशाळांत असते, त्यावर 'बाहेरची मांडी' वाढेल या समजुतीने मुले तास-तास घालवितात. त्या यंत्राचा उपयोग नाही असे नव्हे. चालताना कटी स्थिर ठेवणाऱ्या पेशी त्याने बळकट होतात. पण हवी असलेली कमान त्याने येत नाही.

मग कशाने येते? बैठकीने. आमच्याकडील तालमीत वस्ताद जी बैठक घालून घेतात तीत टाचा उचललेल्या असतात, गुडघे बोटांच्या पुढे जातात आणि सर्व भार मांडीच्या पुढील भागावर येतो. आधुनिक स्क्वॉट म्हणजे खांद्यावर भार घेऊन केलेली बैठकच. भार मानेमागे न घेता छातीपुढे घेतल्यास धड अधिक उभे राहते आणि कटीऐवजी गुडघ्याचे काम वाढते. हॅक स्क्वॉट या यंत्रात पाठीला आधार असतो व पाय पुढे असतात, त्यामुळे तोल सांभाळण्याचा व्याप उरत नाही. (या नावाचा संबंध हॅकेनश्मिट या प्रसिद्ध मल्लाशी जोडला जातो, जर्मन भाषेत टाचेला 'हाके' म्हणतात, त्यावरून ते आले असेही कोणी म्हणतात.) लेग प्रेसचे तत्त्व हेच. बसून पाय सरळ करण्याचे लेग एक्स्टेन्शन यंत्र मात्र कटी व गुडघा अशा दोन्ही संधींवरून जाणाऱ्या मधल्या पेशीवर विशेष काम करते. त्या पेशीला बैठकीने फारसा लाभ होत नाही, म्हणून ते पूरक म्हणून ठीक.

पावले जवळ ठेवली किंवा बोटे आत वळविली की सगळा भार बाहेरच्या पेशीवर जातो, हा व्यायामशाळांतील लाडका सिद्धान्त आहे. पेशींची विद्युत्क्रिया मोजून केलेल्या अभ्यासांत बैठकीच्या बाबतीत त्याला फारसा आधार मिळालेला नाही. पावले फाकविल्याने मांडीच्या आतील व नितंबाच्या पेशींचे काम बदलते, पुढील चार पेशींतील वाटणी जवळपास तशीच राहते. उलट भाराखाली बोटे आत वळवून बसल्याने गुडघे आत कोसळतात व संधीला पीळ बसतो. आमच्याकडे येणाऱ्या गुडघेदुखीत या चुकीचा वाटा मोठा आहे. पावले खांद्याइतक्या अंतरावर, बोटे किंचित बाहेर, गुडघे बोटांच्या दिशेने, आणि झेपेल तितके खोल बसणे, एवढे पुरते. आठवड्यातून दोन दिवस, सर्व प्रकार मिळून दहा-बारा फेऱ्या. कमानीचा अंतिम आकार पेशीच्या जन्मजात ठेवणीवरही अवलंबून असतो, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास तो भार वाढवीत राहतो.

येथे वैद्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. सुश्रुताचार्य व वाग्भटाचार्य दोघेही अर्धशक्तीने व्यायाम करावयास सांगतात. श्वास मुखाने चालू लागला, ललाट, नासिका व कक्षा येथे घाम आला, की थांबावे. पेशी वाढविणाऱ्यास मात्र शेवटची बैठक उठवेनाशी होईपर्यंत करावयास शिकविले जाते. आमच्या मते अर्धशक्तीचा नियम स्वस्थाच्या नित्य दिनचर्येचा आहे, स्पर्धकास तो शब्दशः लावणे कठीण. पण पूर्ण थकव्याच्या दोन-तीन बैठका आधी थांबले तरी पेशीची वाढ जवळपास तितकीच होते, असे आजचे संशोधन सांगते. तेवढी तडजोड रुग्ण मान्य करतो, असा आमचा अनुभव आहे. वाग्भटांनी शीतकाल व वसंत सोडून इतर ऋतूंत व्यायाम मंद ठेवण्यास सांगितले आहे. वैशाखात पत्र्याच्या छताखाली चालणाऱ्या व्यायामशाळा पाहिल्या म्हणजे त्याचे मर्म कळते.

मर्मांचाही विचार हवा. ऊरुमध्यात उर्वी, जानूच्या वर तीन अंगुळांवर आणि, व खाली जानुमर्म. आणि मर्माच्या आघाताने शोफवृद्धी व सक्थीची स्तब्धता येते असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, आणि गुडघ्यावरील कंडरेला इजा झालेला खेळाडू पाहिला म्हणजे हे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते. तेथे जोराने मर्दन करू नये.

आखडलेल्या मांडीस लगेच ऊरुस्तंभ समजण्याचीही चूक होते. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणारी आणि आठवड्याभरात उतरणारी वेदना हा ऊरुस्तंभ नव्हे; तेथे सौम्य अभ्यंग चालतो. ऊरुस्तंभात चरकाचार्यांनी स्नेहन व पंचकर्म निषिद्ध मानले आहे. निदान चुकले तर चिकित्सा उलटते.

परंतु या दोहोंहून भयंकर अशी तिसरी अवस्था आहे. दोन वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे तेल मागण्यास आला. बऱ्याच खंडानंतर प्रथमच व्यायामशाळेत जाऊन मित्रांच्या पैजेने त्याने शेकडो बैठका घातल्या होत्या. मांड्या दगडासारख्या, हात लावू देईना. आम्ही तेल काढलेही होते. सहज मूत्राचा वर्ण विचारला, तर म्हणाला, "काळ्या चहासारखा." पेशी फुटून तिचे द्रव्य रक्तात मिसळले होते, आणि ते वृक्कांना निकामी करू शकते. त्यास त्याच तासाला रुग्णालयात पाठविले. रक्तातील क्रिएटिन कायनेज साधारण मर्यादेच्या कित्येक पट निघाले. शिरेवाटे द्रव देऊन वृक्क वाचले. अशा रुग्णास अभ्यंग, स्वेदन, मूत्रल औषध किंवा वेदनाशामक गोळी यांपैकी काहीही देऊ नये. तेव्हापासून मांडीदुखीच्या प्रत्येक तरुणास आम्ही हा प्रश्न आधी विचारतो.

औषधालयांच्या मालकांस दोन शब्द. अशा तरुणांकडून अश्वगंधा, कौंचबीज, शिलाजित यांना मोठी मागणी आहे. अश्वगंधेच्या अर्कांच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे काही रुग्णवृत्तान्त अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. कावीळ होऊन गेलेल्या ग्राहकास ती वैद्याला न दाखविता देऊ नये. 'महिन्यात मांडी' असे सांगून विकली जाणारी विनालेबल चूर्णे दुकानात ठेवूच नयेत, कारण त्यांत स्टिरॉईड मिसळलेले असू शकते. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूवर कारवाई होते, आणि आपण काय घेतले हे ठाऊक नव्हते, एवढे सांगून त्याची सुटका होत नाही. ग्राहकाने बिल मागितले तर ते खुशाल द्यावे, त्यावर उत्पादकाचे नाव व घाणी क्रमांकही लिहावा.