बारावीचा निकाल आणि किर्केगॉर

बारावीचा निकाल लागला की राजापुरातल्या घराघरांत एकच विषय निघतो: मुंबईला काकाकडे राहायचं, की रत्नागिरीत प्रवेश घ्यायचा? मुलाला काय वाटतं, हे सगळ्यात शेवटी विचारतात, आणि तोवर त्याचंही उत्तर चारचौघांसारखंच झालेलं असतं. नवख्या मुलांना अस्तित्ववाद, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो असं सांगणारा विचार, शिकवायचा तर इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

एरवी सुरुवात होते ती व्याख्येने. फळ्यावर सार्त्र, काम्यू, हायडेगर ही नावं येतात आणि परीक्षेत टीप लिहायची असते. सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ स्वतः असा शिकवत नव्हता. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या जाहीर व्याख्यानात त्याने सल्ला मागायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात मारला गेलेला, वडिलांचं आईशी पटत नाही, आईला याच्याशिवाय कुणी नाही. आणि याला तर इंग्लंड गाठून फ्रान्सच्या मुक्तिसेनेत सामील व्हायचं आहे. कुठलाही नीतिग्रंथ त्याच्या वतीने निवड करू शकत नव्हता. सार्त्र म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड कर. ज्या घरात आई एकटी आहे, दारात कलमं आहेत आणि मुलाच्या हातात मुंबईच्या नोकरीचं पत्र आहे, तिथे ही हकिकत उलगडून सांगावी लागत नाही. कोकणात अशा वेळी देवळात कौल लावतात, म्हणजे देवाकडे खूण मागतात. सार्त्रचं म्हणणं असं, की खूण मिळाली तरी तिचा अर्थ लावणारे आपणच असतो. यावर मुलं वर्गात भांडतील, आणि भांडावीतच.

त्यानंतर किर्केगॉर. कोपनहेगनच्या या लेखकाने १८४९मध्ये टोपणनावाने निराशेवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या लेखी निराशा म्हणजे उदासी नव्हे. माणूस जन्मगाव, शरीर, घरची परिस्थिती यांनी बांधलेला असतो आणि तरी त्याला वेगळं काही होण्याची वाट मोकळी असते. ही दोन्ही टोकं सांभाळत स्वतःशी नातं जोडणं म्हणजे स्वत्व. नुसत्या शक्यतांत हरवलेला रोज नवे बेत करतो आणि कुठेच पोचत नाही. नुसत्या चाकोरीत अडकलेला इतरांची नक्कल होऊन जातो. या दुसऱ्याची नोकरी, लग्न, मानमरातब सगळं यथास्थित असतं, म्हणून त्याची निराशा कुणाला दिसत नाही, त्याला स्वतःलाही नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘मुलगा मार्गाला लागला’ म्हणून आपण ज्याची काळजी सोडतो, त्याच्याबद्दल किर्केगॉर बोलतो आहे. त्याचा स्वतःचा उपाय श्रद्धेचा होता. सार्त्रने तो नाकारला. शिक्षकाने दोन्ही बाजू सांगाव्यात.

मराठीत वाचायला द्यायचं तर १९६३ची भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ ही कादंबरी आहेच. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला आणि परत गावी आलेला पांडुरंग सांगवीकर राजापूरच्या मुलांना परका वाटणार नाही.

एक पथ्य मात्र पाळावं. कुणी खरोखर खचलेला असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर त्याला तत्त्वज्ञान देऊ नये, डॉक्टरांकडे न्यावं. टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. शिक्षकांनी तो पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा.