आभाळातून बर्फ कसा मोजतात, अन् आपल्या भाताशी त्याचा काय संबंध?

पौड (ता. मुळशी) : मुळशीत बर्फ पडत नाही. मुळेला येतं ते सगळं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं. तरीही हिमालयातला बर्फ मोजणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं काम इथल्या भात शेतकऱ्यानं समजून घ्यावं असं आहे. कारण ज्या भारतीय उपग्रहाच्या कॅमेऱ्यानं तिकडचा बर्फ मोजला, त्याच कॅमेऱ्यानं देशातल्या पिकांचं क्षेत्रही मोजलं गेलं.

या शास्त्रज्ञाचं नाव डॉ. अनिल कुलकर्णी. इस्रोच्या अहमदाबाद येथील स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दिवेचा हवामान बदल केंद्रात ते गेले. काम एकच, हिमनद्या. उत्तर आणि दक्षिण ध्रुव सोडले तर सगळ्यात जास्त बर्फ हिमालय आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांत आहे. म्हणून या भागाला 'तिसरा ध्रुव' म्हणतात.

उपग्रहच का?

हिमालयात हिमनद्या हजारोंनी आहेत. एकेका ठिकाणी पोचायलाच कित्येक दिवस चालावं लागतं आणि वर्षातले थोडेच महिने वाट मोकळी असते. सगळ्या पायी मोजायच्या म्हटलं तर जन्म पुरायचा नाही.

पण वरून मोजणंही सोपं नाही. पहिली अडचण ढगांची. बर्फ पांढरा, ढगही पांढरा. फोटोत ओळखायचं कसं? यावर उपाय असा, की डोळ्यांना न दिसणाऱ्या एका अवरक्त किरणात ढग उजळ दिसतो, पण बर्फ काळपट दिसतो. दोन्ही किरणांचे आकडे ताडून बघितले की बर्फ वेगळा निघतो. २००३ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ च्या 'एविफ्स' कॅमेऱ्यासाठी ही पद्धत बसवण्यात कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी अडचण फोटोच्या तारखेची. हिवाळ्यात सगळा डोंगरच पांढरा, मग हिमनदी कुठं संपते ते कळणार कसं? म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी, वरवरचा बर्फ वितळल्यावरचा फोटो लागतो. तिसरी अडचण दगडमातीची. हिमनदीचं खालचं टोक बऱ्याचदा दगडगोट्यांनी झाकलेलं असतं. वरून ते साध्या डोंगरउतारासारखं दिसतं.

आकडे काय सांगतात?

२००७ साली कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६२ चे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे एका बाजूला, उपग्रहाचे फोटो दुसऱ्या बाजूला. क्षेत्र २,०७७ चौरस किलोमीटरवरून १,६२८ वर आलं होतं. म्हणजे २१ टक्के घट. गंमत अशी, की हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडतात, तसे मोठ्या हिमनदीचे तुकडे पडले होते. नुसती संख्या बघणाऱ्याला वाटलं असतं, बर्फ वाढला!

२०१४ मध्ये स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्याच दुसऱ्या अभ्यासात २,०१८ हिमनद्या पाहिल्या. २००१ ते २०११ या काळात त्यातल्या १,७५२ जागच्या जागी होत्या. मग खरं कोण? इथं तुलना करताना जपून राहावं लागतं. पहिला अभ्यास जवळपास चाळीस वर्षांतल्या क्षेत्राचा, दुसरा दहा वर्षांत हिमनदीचं टोक हललं की नाही याचा. शिवाय टोक जागेवर राहूनही वरचा थर पातळ होऊ शकतो. आकडा कशाचा आणि किती वर्षांचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

म्हणूनच फोटोवर भागत नाही, जागेवर जाऊन पडताळणी करावीच लागते. हिमाचलमधली समुद्र टापू हिमनदी १९६२ ते २००० या काळात सुमारे ७४० मीटर मागं सरली, हे सांगताना फोटोंच्या जोडीला प्रत्यक्ष तिथं जाऊन केलेली पाहणीही होती.

आता आपल्या खाचराकडं

एविफ्स कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर ५६ मीटर लांब आणि ५६ मीटर रुंद. म्हणजे साधारण ३१ गुंठे. मैलभर पसरलेल्या हिमनदीला हे चालतं. पण मुळशीत उतारावर दोन-चार गुंठ्यांची खाचरं असतात. एका ठिपक्यात भात, बांध, रान आणि शेजाऱ्याचं पडीक असं सगळंच येणार. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. तो जास्त कामाचा. तरी ताम्हिणीकडं जुलै-ऑगस्टमध्ये ढग हटतच नाहीत, तेव्हा कॅमेऱ्याचं काही चालत नाही. तिथं रडार लागतं, ते ढगातून आरपार बघतं. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासानं मिळून सोडलेला निसार उपग्रह असाच रडारचा आहे. दर १२ दिवसांनी तीच जागा बघून ध्रुवावरचा बर्फही मोजायचा आणि शेतातली ओलही, असं त्याचं काम.

२०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात भाताच्या उत्पादनाचा अंदाज काढताना उपग्रहाची माहिती धरायला सुरुवात झाली. त्यामुळं ठिपका केवढा, फोटो कधीचा आणि जागेवर कोण आलं होतं, हे तीन प्रश्न शेतकऱ्यानं विचारायला शिकलं पाहिजे. गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी हजर राहा. ई-पीक पाहणीची नोंद बांधावर उभं राहून, वेळेत करा. वरच्या फोटोच्या जोडीला जमिनीवरचा पुरावा तोच. हिमनद्यांवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञालाही त्यावाचून चाललं नाही, आपल्याला कसं चालेल?