पाठीचे दुखणे आणि पेन्शनचे अपील

सैन्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाची पाठ दुखते, यात नवल काय? आमच्या भुईगावात केळीच्या वाडीत राबणाऱ्याचीही पाठ दुखतेच. निवृत्तीच्या वेळचे वैद्यकीय मंडळही बहुधा असाच विचार करते. मणक्याची झीज किंवा सरकलेली चकती अहवालात नोंदवली जाते, अपंगत्व 20 टक्के धरले जाते आणि शेवटी लिहिले जाते, की हा आजार सेवेमुळे झालेला नाही व सेवेने वाढलेलाही नाही. मी स्वतः माजी सैनिक. ओळखीच्यांचे असे कागद मी वाचून देतो. पुष्कळजण त्या ओळीपाशीच हात टेकतात.

मंडळी, नियम नीट पाहा. अपंगत्व किमान 20 टक्के हवे आणि ते सेवेमुळे झालेले ‘किंवा’ सेवेने वाढलेले हवे. दोहोंपैकी एक पुरे. झीज वयाचीही असेल. पण पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढल्याने ती वाढली, तरी हक्क पोहोचतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण अपस्माराचे होते, पण तत्त्व पाठीलाही लागू पडते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असे मानायचे. पुराव्याचा भार त्याच्यावर नाही. आजार भरतीच्या तपासणीत का सापडला नाही, याची कारणे मंडळानेच द्यायची.

दावा फेटाळल्याचे पत्र आले, की सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेही फेटाळले गेले तर दुसरे. त्यानंतर 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे; त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे. उशीर मात्र महागात पडतो. 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा दाद मागितल्यास थकबाकी साधारणपणे तीनच वर्षांची मिळते.

अपिलात नुसते ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत मागवावी. भरतीची तपासणी, दुखणे प्रथम नोंदले गेल्याची तारीख, त्या वेळची नेमणूक, रुग्णालयाचे कागद, हलक्या कामाची शिफारस, हे सारे तारीखवार लावावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते.

एवढ्या खटपटीचे मोल किती? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, या हिशेबाने 40 हजार पगारावर 12 हजार होतात. 20 टक्क्यांचे 2,400. पण 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही 20 चे 50 टक्के धरण्याचा लाभ मिळाला. म्हणजे दरमहा 6 हजार. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आपल्याला काय लागू होते, ते आधी विचारून घ्यावे.

हे पैसे म्हणजे खैरात नव्हे. निवृत्तीचे कागद ट्रंकेत असतील, तर आजच बाहेर काढा आणि फेटाळणीच्या पत्रावरची तारीख पाहा.